हाडातील पोकळी : भीती, निदान आणि उपचार

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या चिटणिसांनी आम्हांस आरोग्यविषयक दोन शब्द बोलण्याची विनंती केली, तेव्हा मधुमेह किंवा रक्तदाब असा एखादा सर्वांच्या परिचयाचा विषय आम्ही घ्यावा, अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु त्या विषयांवर बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही आज ज्याचे नावही आपणांपैकी बहुतेकांनी ऐकले नसेल, अशा एका विकाराविषयी बोलणार आहोत. प्रौढ माणसाच्या हाडात आढळणारी सौम्य पोकळी, जिला डॉक्टरमंडळी 'बोन सिस्ट' म्हणतात व आपण मराठीत 'अस्थिपुटी' म्हणू, हा तो विषय होय. विकार विरळा खरा. पण त्याच्या निमित्ताने आपल्या घरांतून जे घडते ते मुळीच विरळा नाही, म्हणून हा विषय आम्ही बुद्ध्याच निवडला आहे.

काही वर्षांपूर्वीची हकीकत आहे. आपल्याच ज्ञातीतील एका कुटुंबातील २७ वर्षांची मुलगी रेल्वेच्या जिन्यावरून घसरली व तिचा घोटा मुरगळला. एक्स-रे काढला. हाड मोडले नव्हते. परंतु टाचेच्या हाडात सुपारीएवढी एक काळी छाया दिसली. तपासणाऱ्या डॉक्टरांनी सहजपणे सांगितले, "एम. आर. आय. करून घ्या, आणि एकदा टाटाला दाखवून या." मुंबईत १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाचे देशावर केवढे उपकार आहेत हे सांगणे नको. पण आपल्या घरांतून 'टाटा' हा शब्द उच्चारला, की तपासणी होण्यापूर्वीच शिक्षा सुनावली गेली असे मानले जाते. त्या घरातही तेच झाले. एक्स-रेचे पाकीट कपाटात साड्यांच्या खाली गेले. मुलीच्या लग्नाची बोलणी चालू होती. एक चांगले स्थळ काही कारण न सांगता परत पाठविले गेले. आई रोज रात्री कोमट तेलाने टाच चोळीत असे आणि वडील पहाटे उठून गॅलरीत येरझाऱ्या घालीत असत. असे आठ महिने गेले. शेवटी मुलीच्या आत्याने ते पाकीट हुडकून काढले व ती मुलीला घेऊन आमच्याकडे आली.

ती पोकळी साधी, द्रवाने भरलेली व लहान होती. तिला शस्त्रक्रियेची गरज नव्हती. काही महिन्यांनी पुन्हा चित्र काढून पाहावे, एवढेच करावयाचे होते. आम्ही तसे सांगितले तेव्हा आत्याबाईंच्या डोळ्यांना पाणी आले. मुलगी मात्र शांतपणे म्हणाली, "डॉक्टरकाका, मग आठ महिने आम्ही भ्यालो ते कशाला?" त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही तेव्हा देऊ शकलो नाही. आजचे व्याख्यान हेच ते उत्तर समजावे. ही हकीकत तिच्या संमतीनेच आम्ही येथे सांगत आहोत.

प्रथम हाड म्हणजे काय ते पाहू. घराच्या तुळईप्रमाणे हाड ही एक निर्जीव वस्तू आहे, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः हाड जिवंत आहे. त्यात रक्त खेळते, मज्जा असते, आणि जुने हाड विरघळविणाऱ्या व नवे हाड घालणाऱ्या अशा दोन प्रकारच्या पेशींचे काम जन्मभर चालू असते. एखाद्या ठिकाणी विरघळविणाऱ्यांचे काम वरचढ झाले म्हणजे तेथे पोकळी पडते, आणि ती द्रवाने, रक्ताने किंवा मऊ ऊतीने भरून येते. बाहेरून पाहणाऱ्यास बहुधा काहीच कळत नाही. कित्येकांना तर दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमुळे आपल्या हाडात अशी पोकळी आहे, हे प्रथम समजते.

जर्मन पंडित विर्शो यांनी १८७६ साली हाडातील या द्रवयुक्त पोकळीचे वर्णन केले, तेव्हा जिवंत माणसाच्या हाडात डोकावून पाहण्याचे साधनच नव्हते. १८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेन यांना क्ष-किरण सापडले आणि हाडाच्या आतील गोष्टी दिसू लागल्या. त्यामुळे ज्ञान वाढले व प्राण वाचले. पण त्याबरोबर एक नवी आपत्तीही आली. पूर्वी जी निरुपद्रवी पोकळी माणूस आयुष्यभर नकळत बाळगीत असे, ती आता काळी छाया होऊन त्याच्या समोर उभी राहू लागली. छाया दिसणे आणि छायेचा अर्थ कळणे या दोन गोष्टी अगदी निराळ्या आहेत, हे आपण पक्के ध्यानात धरावे.

आता या पोकळ्यांचे मुख्य प्रकार सांगतो. पहिला प्रकार साध्या पुटीचा. तिच्यात पिवळसर स्वच्छ द्रव असतो. ती बहुधा लहान वयात, दंडाच्या किंवा मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाशी होते. प्रौढांत ती आढळली तर पुष्कळदा टाचेच्या किंवा कटीच्या हाडात आढळते. टाचेच्या हाडात एक त्रिकोणी भाग असा आहे, की जेथे हाडाची जाळी निसर्गतःच विरळ असते. कधी कधी ती विरळ जाळीच चित्रात पोकळीसारखी भासते व उगाच घबराट उडते. साधी पुटी सहसा दुखत नाही. अचानक दुखू लागली तर तिच्या पातळ भिंतीला तडा गेला असण्याचा संभव असतो.

दुसरा प्रकार रक्ताने भरलेल्या पुटीचा. न्यूयॉर्कच्या जाफे आणि लिक्टेनस्टाइन या वैद्यद्वयाने १९४२ साली तिला स्वतंत्र नाव दिले. ही बहुधा विशीच्या आत होते, तथापि प्रौढांतही होते. ती वाढते, हाड फुगविते, दुखते. पाठीच्या मणक्यात झाल्यास मज्जारज्जूवर दाब आणू शकते. पूर्वी हा केवळ रक्तप्रवाहातील बिघाड समजला जाई. पुढे २००४ साली असे दिसून आले, की या विकाराच्या पेशींत यूएसपी-६ नावाच्या जनुकाची जागा बदललेली असते. 'जनुक' हा शब्द ऐकून कोणी दचकू नये. हा बदल त्या गाठीतील पेशींपुरताच असतो; तो आईबापांकडून आलेला नसतो आणि मुलाबाळांकडे जात नाही.

तिसरा प्रकार वयाबरोबर येणारा. गुडघा किंवा खुबा झिजला, म्हणजे सांध्याच्या पृष्ठभागाखाली हाडात लहान लहान पोकळ्या पडतात. तेथे उपचार सांध्याचा करावयाचा असतो, पोकळीचा नव्हे. याशिवाय घोट्याच्या आसपास हाडाच्या आत चिकट, घट्ट द्रवाची एक लहानशी गाठ मध्यमवयीन माणसांत आढळते. तीही सौम्यच असते.

येथवर ऐकून आपणांस धीर आला असेल. परंतु आम्ही धीर देण्यापुरतेच बोललो, तर आपल्या कर्तव्यात चुकू. कारण पुटीचे सोंग घेऊन येणारे दुसरे विकारही आहेत. २० ते ४० या वयात, विशेषतः गुडघ्याजवळ किंवा मनगटाशी, हाडाच्या अगदी टोकाला होणारी महापेशींची गाठ सौम्य गणली जाते. तथापि ती हाड पोखरते व काढल्यावर पुन्हा उद्भवू शकते. हाडाचा क्षय आपल्या देशात आजही आहे व तोही पोकळी पाडतो. चाळिशीनंतर हाडात नवी पोकळी दिसली तर स्तन, फुप्फुस, मूत्रपिंड, कंठग्रंथी किंवा पुरुषांत पौरुषग्रंथी येथील कर्करोग हाडात उतरला नाही ना, अथवा मज्जेचा मायलोमा नाही ना, हे पाहिल्यावाचून 'सिस्ट आहे, सोडून द्या' असे म्हणणे हा अपराध होय. रक्ताने भरलेल्या पुटीसारखाच दिसणारा हाडाचा एक मारक कर्करोगही आहे. म्हणून प्रौढाच्या बाबतीत 'साधी पुटी' हे निदान पहिल्या भेटीत बोलून टाकावयाचे नसते. बाकीच्या शक्यता एकेक करून दूर सारल्यावर तेथे पोहोचावयाचे असते.

या बाबतीत आमची स्वतःची एक चूक आम्ही सांगतो. उमेदीच्या काळात आमच्याकडे एक ३८ वर्षांच्या शिक्षिका आल्या. नडगीच्या हाडात पोकळी होती. आम्ही चित्र पाहिले, ती पुटीच आहे असे ठरविले, पोकळी खरवडली व कटीचे हाड घेऊन भरली. जखम उत्तम भरली आणि आम्ही स्वतःवर खूष झालो. एका वर्षाने त्या बाई परत आल्या, तेव्हा बरगडीत व दुसऱ्या पायात नव्या पोकळ्या होत्या. तेव्हा कोठे आम्ही स्वस्थ बसून त्यांची सर्व हकीकत विचारली. त्यांना दोनदा मूतखडा झाला होता, शाळेत उभे राहवत नसे, हाडे ठणकत. रक्तातील कॅल्शियम तपासले तो ते फार वाढलेले. गळ्यात कंठग्रंथीच्या मागे ज्या चार चिमुकल्या ग्रंथी असतात, त्यांतील एक सुजली होती व तिच्या अतिरेकी स्रावाने सर्व हाडे विरघळत होती. ती एक ग्रंथी काढल्यावर हाडातील पोकळ्या हळूहळू आपोआप भरून आल्या. आम्ही केलेली पहिली शस्त्रक्रिया मुळात करावयासच नको होती. रक्ताची एक साधी तपासणी आम्ही केली नाही, आणि त्या भगिनीने वर्षभर त्रास सोसला. त्या दिवसापासून प्रौढ माणसाच्या हाडातील पोकळीला कॅल्शियम पाहिल्याशिवाय आम्ही हात लावीत नाही.

तर मग निदानाचा योग्य क्रम कोणता? प्रथम हकीकत : वय किती, दुखते का, रात्री विश्रांतीतही दुखते का, वजन घटले का, ताप येतो का, पूर्वी कोठे गाठ काढली होती का. मग साधा एक्स-रे, आणि तोही दोन बाजूंनी. जाणता डॉक्टर त्या चित्राला चार प्रश्न विचारतो. छाया हाडाच्या कोणत्या भागात आहे? तिची कड पांढरी, रेखीव आहे की वाळवी लागल्यासारखी अस्पष्ट आहे? हाडाची बाहेरची भिंत शाबूत आहे काय? आणि पोकळी एक आहे की अनेक? रेखीव पांढरी कड म्हणजे विकार सावकाश वाढत असून हाडाने त्याभोवती कुंपण घातले आहे, अशी सामान्यतः खूण असते. परंतु साध्या एक्स-रेचीही मर्यादा आहे. हाडातील ३० ते ५० टक्के खनिज नाहीसे झाल्याशिवाय त्यात पोकळी स्पष्ट उमटत नाही. म्हणून दुखणे चालूच राहिले, तर 'एक्स-रे चांगला आहे' एवढ्यावर समाधान मानू नये.

त्यानंतर एम. आर. आय. या चाचणीने आत द्रव आहे, रक्त आहे की घट्ट ऊती आहे ते कळते. रक्ताच्या पुटीत, भांड्यात ठेवलेल्या दुधावर साय यावी त्याप्रमाणे, द्रवाचे थर एकावर एक दिसतात. बारीक तडा शोधण्यास सी. टी. स्कॅन उपयोगी पडतो. रक्ततपासणीत कॅल्शियम, फॉस्फरस व अल्कलाइन फॉस्फेटेज, आणि चाळिशीपुढील माणसात मायलोमासाठी प्रथिनांची तपासणी, एवढे तरी असावे. इतके करूनही संशय उरला, तर तुकडा काढून तपासणे आवश्यक ठरते.

या तुकड्याविषयी एक गोष्ट आम्ही आग्रहाने सांगतो. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही समजूत घराघरांत आहे. योग्य जागी, योग्य हाताने तुकडा काढला तर तसे भय बाळगण्याचे कारण नाही; न काढता अंधारात शस्त्रक्रिया करणे हेच खरे भयंकर. मात्र सुई कोठून घालावयाची, हे पुढील शस्त्रक्रिया करणाऱ्यानेच ठरवावे. कारण गाठ मारक निघाली तर सुईचा तो मार्गही तिच्यासह काढून टाकावा लागतो. भलत्याच जागी घेतलेला छेद, जो अवयव वाचला असता तोही गमाविण्यास कारण होऊ शकतो. म्हणून संशय असेल तेथे अस्थिअर्बुदांचे काम नित्य करणाऱ्या केंद्रात जावे. टाटाला पाठविले म्हणजे कर्करोग ठरला असे नव्हे. कर्करोग आहे की नाही हे नीट ठरविण्यासाठीच तेथे पाठविलेले असते.

आता उपचार. पुष्कळ साध्या पुट्यांना उपचार म्हणजे केवळ लक्ष ठेवणे. ठराविक काळाने चित्र काढावे व जुन्या चित्राशी ताडून पाहावे. पोकळी मोठी असेल, दुखत असेल किंवा भार पेलणाऱ्या हाडात असेल, तर हाड मोडण्यापूर्वीच तजवीज केलेली बरी. प्रौढाच्या मांडीच्या हाडाच्या मानेत मोठी पोकळी असल्यास ती भरून शिवाय धातूच्या पट्टीने किंवा सळईने आधार द्यावा लागतो, कारण तेथील मोड फार त्रासदायक असते.

फ्लॉरेन्सचे स्काल्येत्ती यांनी १९७९ साली पुटीत स्टेरॉइडचे इंजेक्शन देण्याची रीत प्रसिद्ध केली. तिचा उपयोग मुख्यतः मुलांत झाला. शस्त्रक्रियेत पोकळीचे आतील अस्तर खरवडून काढतात, भिंती यंत्राने घासतात आणि ती जागा रुग्णाच्याच कटीचे हाड, अस्थिपेढीतील हाड किंवा कॅल्शियमयुक्त कृत्रिम द्रव्य यांनी भरतात. काही ठिकाणी अस्थिसिमेंट वापरतात, त्याने ताबडतोब आधार मिळतो. रक्ताच्या पुटीत मणका किंवा कटी अशा अवघड जागी प्रथम तिला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या आतून बंद करतात. पायांच्या फुगलेल्या शिरांवर वापरले जाणारे पोलिडोकॅनॉल हे औषध सुईने पुटीत सोडण्याचा ७२ रुग्णांचा अनुभव दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉक्टरांनी २००६ साली प्रसिद्ध केला, व त्यामुळे कित्येकांची मोठी शस्त्रक्रिया टळण्याची वाट मोकळी झाली. आपल्या देशातील हे काम परदेशांतही वाचले गेले, ही अभिमानाची गोष्ट होय.

रक्ताची पुटी पुन्हा उद्भवू शकते, आणि उद्भवली तर बहुधा पहिल्या दोन वर्षांत. म्हणून जखम भरली, पेढे वाटले आणि डॉक्टरांना विसरले, असे करू नये. काढलेली सर्व ऊती तपासणीस गेली आहे ना, हेही विचारून घ्यावे. तो आपला हक्क आहे.

हाडवैद्याविषयी दोन शब्द. परंपरेने चालत आलेल्या कौशल्याचा उपहास करण्याची आमची इच्छा नाही. परंतु ज्या हाडाची भिंत अंड्याच्या कवचासारखी पातळ झाली आहे, ते चोळणे, ओढणे किंवा तुडविणे म्हणजे ते मोडणे होय. हाडात छाया आहे असे कळल्यावर मालीश तत्काळ थांबवावे. किरकोळ धक्क्याने हाड मोडले, रात्री झोपमोड करणारे दुखणे असले, सूज वाढत चालली किंवा पायांतील शक्ती कमी झाली, तर एक दिवसही दवडू नये. आणि जुनी चित्रे व कागद कधीही फेकू नयेत. पाच वर्षांपूर्वीच्या चित्रात तीच छाया तेवढीच दिसली, तर ते एक चित्र दहा चाचण्यांचे काम करते.

शेवटी जे सांगावयाचे ते डॉक्टर म्हणून नव्हे, तर आपल्यांपैकीच एक म्हणून. आपल्या मंडळाची वधूवर नोंदवही आहे आणि वैद्यकीय साहाय्य निधीही आहे. पहिल्या वहीच्या भयाने माणसे दुसऱ्या निधीकडे येत नाहीत, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मुलीच्या टाचेतील सौम्य पोकळी तिच्या संसारास, मातृत्वास किंवा आयुष्यास बाध आणीत नाही. ती लपविण्याजोगी गोष्ट नाही. मोकळेपणे सांगण्याजोगी आहे. आणि जे वरपक्षाचे लोक ती ऐकून पाठ फिरवितील, त्यांच्या घरी मुलगी गेली नाही तर तिचे नुकसान झाले असे आम्ही मानीत नाही. कार्यकारी मंडळास आमची एकच सूचना आहे : दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेण्याचा खर्च, नाव गुप्त राखून, या निधीतून द्यावा. ज्यांना ती तरतूद हवी असेल, त्यांची चित्रे पाहण्यास आम्ही विनामूल्य तयार आहोत.

त्या मुलीचा विवाह यथावकाश झाला. टाचेत पोकळी आहे हे तिने स्वतःच मुलाला पहिल्या भेटीत सांगितले, आणि एक्स-रेही दाखविला. ती छाया आज आहे तेवढीच आहे. बंधुभगिनींनो, एक्स-रेतील काळी छाया हा निकाल नसतो. तो एक प्रश्न असतो. तो कपाटात ठेवला म्हणजे सुटत नाही, आणि न विचारता चाकू चालविला म्हणजेही सुटत नाही. तो योग्य माणसास, योग्य क्रमाने विचारावा, एवढेच आमचे सांगणे आहे.